आईच्या नावावरच्या गोळ्या

शहाडचे सखारामभाऊजी सहा वर्षांनी वर्तकनगरच्या घराची पायरी चढले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. माणगावच्या घराच्या वाटणीवरून दोघा भावांचं जे तुटलं होतं, ते जोडायला ना प्रीतीचं लग्न कामी आलं होतं, ना भाऊजींचं बायपासचं ऑपरेशन. कामी आला तो रत्नदीप. कासाऱ्यांच्या घरातला पहिला पायलट आता कॅप्टन होणार, ही बातमी बाबुरावांनी स्वतः फोन करून थोरल्या भावाला दिली, आणि पलीकडून भाऊजी रडले म्हणे. बाबुराव ते चारचौघांत सांगत सुटले होते.

शालनने दार उघडलं, पदर सावरला. "जय भीम, भाऊजी. या."

"जय भीम. कुठाय आमचा कॅप्टन?"

"आत आहे. झोपलाय जरा. रजा आहे ना."

भाऊजींच्या मागून त्यांचा मुलगा सूरज आला, तो मोबाइल समोर धरूनच. "काकी, नाक्यावर बघितला का? बारा बाय आठ! शुक्रवारी लावला आपल्या पोरांनी. दादाचा युनिफॉर्मवाला फोटो, एकदम कडक."

शालनने बघितला होता. दवाखान्यातून येताना रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा तो समोरच होता. सोनेरी पट्ट्यांच्या टोपीतला तिचा मुलगा, खाली 'समाजाची शान, कॅप्टन रत्नदीप बाबुराव कासारे', आणि त्याखाली शुभेच्छुकांचे अठरा गोल चेहरे. रिक्षावाला म्हणाला, "पायलट आहे वाटतं कोणी." एरवी तिने कौतुकाने सांगितलं असतं. त्या दिवशी ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

डोंबिवलीहून लेक प्रीती सकाळीच आली होती. पुढच्या रविवारी समाजमंदिरात सत्कार होता, त्याची यादी करायला ती वही घेऊन बसली. शाळेत मुख्याध्यापिका झाल्यापासून घरातल्या सगळ्या याद्या तिच्याकडेच असत. बाबुराव एकेक नाव सांगत होते. ठाण्याच्या बस डेपोतले जुने ड्रायव्हर, कंडक्टर, बाळकुमचे व्याही, विहारातली मंडळी. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस आपल्या मुलाच्या सत्काराला कोणाकोणाला बोलवायचं हे ठरवताना किती सुखात असतो, ते शालन ओट्यापाशी उभी राहून बघत होती. चहा उकळत होता.

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि रत्नदीप बाहेर आला. दाढी वाढलेली, अंगात जुना टी-शर्ट. तो भाऊजींच्या पाया पडला. मग खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभा राहिला.

"आप्पा, बरं झालं तुम्ही आलात. सगळे आहात तर सांगून टाकतो. सत्कार करू नका. सूरज, तो बॅनर आजच्या आज काढ."

"काय रे दादा, फोटो आवडला नाही का? दुसरा मारू ना."

"फोटोचं नाही. मी कॅप्टन होत नाहीये. तीन आठवडे झाले, मी विमानच चालवत नाहीये. कंपनीने मला खाली उतरवलंय." तो भिंतीपासून सरळ झाला. "म्हणजे मीच सांगितलं त्यांना. मला झोप लागत नाही, छातीत धडधडतं, हात बधिर होतात. आणि मी गोळ्या घेत होतो. आठ महिने. न सांगता."

चहा उतू गेला. शालनने गॅस बंद केला, पण ओटा पुसायला तिला फडकं सापडेना. ते तिच्या हातातच होतं.

तिला वाटलं होतं, रजा म्हणजे रजा. कॅप्टनच्या ट्रेनिंगआधी मिळालेली विश्रांती. गेले तीन आठवडे त्याने गोळी मागितली नव्हती, म्हणून ती मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकत होती. तो हे सगळं जाऊन सांगून आला असेल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"कसल्या गोळ्या?" बाबुरावांनी विचारलं.

"झोपेच्या. चिंतेच्या."

"म्हणजे डोक्याच्या." बाबुराव उठून उभे राहिले. "तू कंपनीत जाऊन लिहून दिलंस, की माझं डोकं ठिकाणावर नाही? स्वतःच्या हाताने?"

"पप्पा, त्याला बोलू द्या ना," प्रीती म्हणाली.

रत्नदीप बोलला. तो असा सलग कधी बोलत नसे. पहाटेचं उड्डाण होतं म्हणाला. आदल्या रात्री अर्ध्या गोळीने भागलं नाही, म्हणून त्याने पूर्ण घेतली होती. विमान वर चढत होतं, चोवीस हजार फुटांवर थांबायची सूचना होती. त्याने ती बरोबर ऐकली, तोंडाने बरोबर म्हटली, आणि हाताने आकडा लावला सव्वीस.

"शेजारच्या कॅप्टननी बघितलं. माझ्या हातावर हात ठेवला आणि आकडा खाली आणला. एवढंच. मागे बसलेल्यांना कळलंसुद्धा नाही. खाली उतरल्यावर ते म्हणाले, दमलायस का? मी म्हटलं, हो सर. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली."

"मग मिटलं की!" बाबुरावांचा आवाज चढला. "चुका कोणाकडून होत नाहीत? त्यांनी पकडली, संपलं. तू कशाला उकरून काढलंस?"

"वरती दुसरं विमान होतं का रे?" भाऊजींनी हळूच विचारलं.

"असेल, नसेल. मला माहीत नाही, आप्पा. तेच तर. मला काहीच कळलं नाही. मागे एकशे ऐंशी माणसं होती."

सूरज म्हणाला, "पण दादा, तुमची चेकिंग होते ना रोज? मशीनमध्ये फुंकायला लावतात ना?"

"ती दारूची. गोळी त्यात येत नाही. डोळे तपासतात, कान तपासतात, हृदयाचा आलेख काढतात. मनाचं काय, तर एक फॉर्म असतो. झोपेच्या, मानसिक आजाराच्या गोळ्या घेता का? हो की नाही. मी 'नाही'वर खूण केली आणि खाली सही केली. सगळेच करतात. 'हो' लिहिलं की लायसन्स गेलं, असं पहिल्या दिवसापासून डोक्यात बसलेलं असतं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग कंपनीत एक गट आहे, आमच्यातलेच पायलट असतात, त्यांना सांगता येतं. मी फोन केला. त्यांनीच डॉक्टरकडे नेलं. आता उपचार, मग तपासण्या, मग डॉक्टरांचं बोर्ड. कदाचित परत उडेन. कदाचित नाही."

बाबुराव खिडकीपाशी गेले, तिथून परत आले. "या गोळ्या तुला दिल्या कोणी? चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत त्या."

शालन कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. रत्नदीपने तिच्याकडे पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही.

"मीच आणल्या. ओळखीच्या दुकानातून."

आता बोलायला हवं होतं. शालनला ते अगदी स्पष्ट कळत होतं. तिने पुढे होऊन ट्रे स्टुलावर ठेवला, प्रत्येकासमोर एकेक कप सरकवला, भाऊजींना बिनसाखरेचा दिला. एवढं सगळं नीट केलं आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. मुलाने तिच्यासाठी खोटं बोलावं आणि तिने ते चहाबरोबर वाटून टाकावं!

गेल्या वर्षी जूनमध्ये एका सकाळी कंपनीची गाडी खाली येऊन उभी होती आणि रत्नदीप युनिफॉर्ममध्ये न्हाणीघराच्या फरशीवर बसला होता. हात बर्फासारखे. तिने ते चोळले. तो म्हणाला, "आई, डॉक्टरकडे गेलो तर लिहावं लागेल. लिहिलं की संपलं." त्याच आठवड्यात ती कल्याणला गेली. ठाण्यात पालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स असलेल्या बाईला ठाण्यातल्या कुठल्या डॉक्टरकडे तोंड लपवता येणार? कल्याणच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर हेमांगी वझेंना तिने सांगितलं, मला झोप लागत नाही, रिटायरमेंट जवळ आली, जीव घाबरतो. डॉक्टरांनी खूप वेळ ऐकून घेतलं. चिठ्ठी लिहिताना म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं जड वाटेल हं. गाडीबिडी चालवू नका."

शालन हसून म्हणाली होती, "मी कुठे गाडी चालवते, मॅडम?"

ते हसू तिला आत्ता, सगळ्यांच्या समोर, स्वतःच्या तोंडावर परत जाणवलं.

बाबुराव आता ठरवायला लागले होते. घरात संकट आलं की ते ठरवायला लागत. "ऐका. अजून काही बाहेर गेलेलं नाही. सूरज, सत्कार पुढे ढकलला म्हणून सांग. कावीळ झालीय म्हणायचं. शालन, तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडून दाखला आण काविळीचा. कंपनीला म्हणायचं, अशक्तपणात पोरगा काहीबाही बोलून गेला. तो कागद मागे घ्यायचा."

"पप्पा, तुम्हाला ऐकू येतं का तुम्ही काय बोलताय ते?" प्रीतीने वही मिटली. "त्याने हिंमत करून खरं सांगितलं, आणि तुम्ही त्याला परत खोटं लिहायला लावताय?"

"तुला काय जातंय बोलायला! वस्तीत मला राहायचंय. उद्या नाक्यावर लोक म्हणतील, बाबुरावाचा पोरगा वेडा झाला म्हणून विमानातून उतरवला. बॅनरखाली उभं राहून म्हणतील."

"काका, मैं बोलता हूं ना, मेडिकल लीव्ह सांगू," सूरज म्हणाला. "कोण विचारतंय डिटेल?"

मग सगळ्यांनी सखारामभाऊजींकडे पाहिलं. थोरला माणूस. माणगावच्या भांडणात ज्याने काठी उचलली होती तो. हा आता काय गरजतो म्हणून शालनने डोळे मिटले.

भाऊजींनी कप खाली ठेवला. "कावीळ नको, बाबू," ते म्हणाले. "आपल्याकडे एक बीपी होऊन गेलं, तेवढं पुरे."

"कसलं बीपी?"

"मालनचं."

मालन म्हणजे भाऊजींची बायको, सूरजची आई. जाऊन चौदा वर्षं झाली होती.

"तिला बीपी नव्हतं. ती अकरा वर्षं एका खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. जेव म्हटलं तर जेवायची, नाहीतर नाही. लोकांना आपण बीपी सांगितलं. तिच्या भावाला बीपी सांगितलं. ह्या पोराला," त्यांनी सूरजकडे बोट केलं, "शाळेत बीपी सांगायला लावलं. मी तिला ठाण्याच्या मनोरुग्णालयात दाखवायला निघालो होतो. रिक्षा बोलावलेली."

त्यांनी शालनकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच ती सहन होईना.

"शालन, तू नर्स. तुला विचारलं. तू म्हणालीस, भाऊजी, तिथे नाव लागलं की कागद कायमचा राहतो. घरात मुलं आहेत, त्यांची लग्नं व्हायचीत. कागदावर नको. मी रिक्षा परत पाठवली."

"दादा, तिला कशाला..." बाबुराव म्हणाले.

"तिला नाही बोलत. रिक्षा मी परत पाठवली."

सूरजने मोबाइल खिशात घातला. बारा बाय आठचा बॅनर लावणारा तो दांडगा पोरगा एकदम लहान दिसायला लागला. "मला वाटायचं, मी त्रास द्यायचो म्हणून आई बोलत नाही," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

शालनला आठवत होतं. तिने खरंच तसं म्हटलं होतं, मोठ्या समजूतदारपणे, भाऊजींच्या हातावर हात ठेवून. त्यानंतर कित्येक वर्षं तिला वाटत होतं की आपण घर वाचवलं.

ती जमिनीवर बसली. स्टूल होतं, खुर्ची होती, पण ती फरशीवर बसली.

"गोळ्या मी आणल्या," ती म्हणाली.

"आई, तू गप्प बस," रत्नदीप म्हणाला.

"त्याने नाही आणल्या. चिठ्ठी माझ्या नावावर आहे. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं की मला झोप लागत नाही. दर महिन्याला जाऊन आणायची. अर्धी करून मीच द्यायची त्याच्या हातात. पूर्ण घे, असंसुद्धा मीच म्हणाले. त्या दिवशी. त्या विमानाच्या आदल्या रात्री. कुशी बदलत होता, मला बघवेना."

खालून भंगारवाल्याची आरोळी आली, लांब गेली.

बाबुरावांचं तोंड उघडं राहिलं होतं. गेली चौतीस वर्षं या घरातल्या प्रत्येक खोट्याचा मालक आपण, असं बहुतेक त्यांना वाटत होतं. ते चपला घालून जिना उतरून गेले.

शालनला वाटलं, प्रीती येऊन जवळ बसेल. भावाची बाजू घेणारी पोर आपलीही घेईल. प्रीती आली, पण बसली नाही. समोर उभी राहिली.

"तू नर्स आहेस, आई. ती गोळी घेतल्यावर सकाळी माणसाचं काय होतं, ते तुला माहीत होतं."

"हो."

"आणि सकाळी तो काय चालवतो, तेही."

"हो."

"मी त्या महिन्यात मुलांना घेऊन गोव्याला गेले होते. विमानाने. तूच म्हणालीस, दादाच्या कंपनीचं तिकीट काढ."

शालनने मान वर केली नाही. तिला फक्त प्रीतीचे पाय दिसत होते, आणि ते पाय दाराकडे वळलेले दिसले. वही टेबलावर तशीच राहिली.

सूरज बॅनर काढायला गेला. भाऊजी मात्र बसून राहिले. त्यांनी गार झालेला चहा संपवला आणि रत्नदीपला म्हणाले, "डॉक्टरांनी त्या गोळ्यांचे कागद मागितले असतील ना?"

"मागितलेत, आप्पा. म्हणूनच मी दुकानाचं सांगितलं. आईचं नाव आलं तर तिची नोकरी... सात महिने राहिलेत तिचे."

"मग ते अर्धंच खरं झालं, पोरा."

रत्नदीप आईकडे वळला. तो म्हणाला, "मला मोकळं वाटायला हवं होतं, आई. सगळं सांगितल्यावर वाटतं म्हणतात. मला वाटत नव्हतं."

मंगळवारी दोघं मायलेक कल्याणला गेले. बाबुराव घरात होते, पण दोन दिवसांत ते तिच्याशी मीठ मागण्यापुरतंही बोलले नव्हते. निघताना त्यांनी रत्नदीपच्या हातात छत्री दिली. ऊन फार आहे म्हणाले. तिच्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर हेमांगी वझेंनी शालनला ओळखलं. "या कासारेबाई. कशी आहे झोप?"

शालनने उभ्यानेच सांगितलं. बसण्याचा धीर झाला नाही. सांगताना ती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा जिव्हाळा हळूहळू विरला, तो तिला न बघताही कळला.

"म्हणजे आठ महिने मी तुम्हाला तपासतच नव्हते," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची काळजी वाटायची मला. रिटायरमेंटनंतर काय कराल म्हणून मी तुमच्याशी किती बोलायचे. आणि माझ्या सहीवर तुमचा मुलगा विमान चालवत होता."

"चुकलं माझं, मॅडम."

"चुकलं म्हणजे पेशंटने गोळी विसरणं. हे चुकणं नाही, बाई." त्यांनी तिची फाइल काढली, शेवटच्या पानावर सावकाश चार ओळी लिहिल्या, तारीख घातली. "हे जसं घडलं तसं लिहिलंय. प्रत त्यांच्या डॉक्टरांना जाईल. तुमच्या दवाखान्यातून विचारणा झाली तर हेच सांगेन. तुम्हाला मी यापुढे तपासणार नाही. दुसरं कोणीतरी बघा."

"हो."

मग त्या रत्नदीपकडे वळल्या. आवाज बदलला. "बसा तुम्ही. पहिल्यांदा हात कधी बधिर झाले?"

"जूनमध्ये त्याला," शालन म्हणाली, "गाडी खाली आली होती..."

"तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना सांगू दे."

बाहेरच्या बाकावर गर्दी होती. एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती सरकली, जागा दिली. शालन टेकली. बंद दाराआडून काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नव्हतं तेच बरं होतं.

"स्वतःला दाखवायला आलात?" बाईने विचारलं.

गेल्या आठ महिन्यांत याच बाकावर तिने कितीदा 'हो' म्हटलं होतं.

"नाही. मुलासाठी."

"काय होतं त्याला?"

आजूबाजूला सात-आठ माणसं होती. त्यातला एकजण मान वर करून बघत होता. तिने पदर घट्ट धरला.

"त्याला भीती वाटते. झोप लागत नाही," ती म्हणाली. "विमान चालवतो तो."

बाई तिच्याकडे वळली. "आमचे रिक्षा चालवतात. त्यांनाही तसंच झालेलं. दोन महिने रिक्षा दाराशी उभी होती, लोक काय काय बोलायचे." तिने पिशवी सावरली. "आता चालवत नाही ना तो?"

"नाही. सांगितलं त्याने, बंद केलं."

"चांगलं केलंत."

दोन दिवसांत घरात कोणी 'चांगलं' हा शब्द उच्चारला नव्हता. शालनला तो पदरात घ्यावासा वाटला. डोळे भरून आले, समोरचं दार धूसर झालं, आणि तिने मान हलवली.

"मी नाही केलं," ती म्हणाली. "मी लपवत होते. त्याने केलं."